इंजिनाचा श्वास मोजणारी माणसं



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या कामाचं काहीतरी लिही." माझं काम म्हणजे इंजिनांची हेडं. १९८४ ला आपण दहावी झालो. त्यानंतर मी पॉलिटेक्निक केलं, अठरा वर्षं पुण्यात इंजिनांच्या चाचणी विभागात काढली आणि २००६ पासून लातूरच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. व्हॉल्व्ह बसवणं, सीट कापणं, हेड फेस करणं ही रोजची कामं. त्याखेरीज एक काम असं आहे की ते ऐकून आपल्या वर्गातले डॉक्टरही कान टवकारतात. मी इंजिनाचा श्वास मोजतो.

या मोजणीला साधारण शंभर वर्षांचा इतिहास आहे. ती इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि तिचं फळ आपल्या नांदेडच्या वजिराबादेतल्या गॅरेजपर्यंत येऊन पोचलं. पण त्याच गॅरेजात जन्मलेलं ज्ञान दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या लातूरपर्यंत मात्र आलं नाही. असं का झालं, ते सांगण्यासाठी हा लेख. गणित थोडं आहे, पण आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडचं नाही.

हवेचा हिशोब

सिलिंडर म्हणजे नळकांडं, त्यात वरखाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन आणि वरचं झाकण म्हणजे हेड. चार स्ट्रोकच्या इंजिनात या झाकणातच हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट असते. त्या वाटेला आम्ही पोर्ट म्हणतो. पोर्टच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडझाप करतो. यामाहा आरएक्स १०० सारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि हेड हे खरोखरच नुसतं झाकण असतं. आपली गोष्ट चार स्ट्रोकची आहे.

पेट्रोल इंजिनाची ताकद शेवटी हवेवर ठरते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला हवा लागते आणि हवा ओतता येत नाही. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरची हवा तिकडे धावते, एवढ्यावरच सगळं चालतं. १५० सीसीची मोटारसायकल मिनिटाला ८,५०० फेऱ्या घेते असं धरा. दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला ४,२५० श्वास. प्रत्येक श्वास १५० घन सेंटिमीटरचा धरला, तर मिनिटाला सुमारे ६३७ लिटर हवा झाली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे आपला अख्खा वर्ग आणि शेजारची तुकडी मिळून जेवढा श्वास घेत होती, तेवढा ते मांडीएवढं इंजिन एकटं घेतं.

आणि त्यासाठी त्याला वेळ किती? एवढ्या वेगाला पिस्टनचा खाली जाण्याचा एक फेरा सेकंदाच्या सुमारे २८३व्या भागात संपतो. तेवढ्यात हवेने कार्ब्युरेटर ओलांडायचा, पोर्टमधलं वळण घ्यायचं, व्हॉल्व्हच्या कडेने फाकायचं आणि सिलिंडर भरायचा. तो पुरता भरत नाही. जी तूट राहते ती कमी करणं, हा रेसच्या इंजिनवाल्यांचा सगळा उद्योग.

एक्झिटरचा हॅरी वेस्लेक

मोटारी आल्यापासून पहिली काही दशकं इंजिन सुधारण्याची रीत एकच होती. इंजिन बनवायचं, चालवायचं आणि ब्रेकवर त्याची ताकद मोजायची. कमी भरली तर कार्ब्युरेटर मोठा करा, पोर्ट मोठा करा, पुन्हा चालवा. ब्रेकवर शेवटची बेरीज कळते. चूक कुठल्या रकान्यात आहे ते त्यावरून कळत नाही.

हॅरी वेस्लेक या इंग्रज माणसाने हा रकाना वेगळा काढला. तो १८९७ मध्ये एक्झिटर शहरात जन्मला. त्याच्या घराचा संबंध गॅसचे मीटर बनवणाऱ्या कारखान्याशी होता. नळीतून जाणारी न दिसणारी वस्तू किती गेली ते मोजून तिचे पैसे घेणं, हा त्या घरचा धंदा. कार्ब्युरेटरवर काम करता करता त्याच्या ध्यानात आलं की खरी अडचण पुढे, हेडमध्ये आहे. १९२० च्या दशकात तो इंजिनाचं हेड सुटं काढून, इंजिन न चालवता, त्यातून हवा ओढून मोजायला लागला. व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, हवा मोजायची. आणखी थोडा उघडायचा, पुन्हा मोजायची. मग पोर्टच्या आकारात बदल करून सगळं पहिल्यापासून.

या थंड हेडाच्या मोजणीतून जे समोर आलं ते तेव्हाच्या समजुतीच्या उलट होतं. भोक मोठं केलं की हवा जास्त जाते, असं नेहमी होत नाही. हवेलाही वस्तुमान आहे, वेगात असताना तिला एकदम वळता येत नाही. वळणाची आतली कड टोकदार असेल तर हवा ती सोडून देते, तिथे भोवरे होतात आणि भोकाचा तेवढा भाग वाया जातो. उलट लहानच पण वळण नीट असलेला पोर्ट जास्त हवा नेतो आणि वेगही टिकवतो.

त्याच दशकात वेस्लेकने बेंटले कंपनीच्या इंजिनांवर काम केलं. १९३५ च्या सुमारास विल्यम लायन्स यांना आपल्या नव्या मोटारीसाठी जास्त ताकद हवी होती. त्यांच्याकडचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, सत्तरेक अश्वशक्तीचं होतं. वेस्लेकने त्यावर वर व्हॉल्व्ह असलेलं नवं हेड बसवून ताकद शंभराच्या पुढे नेली. हीच कंपनी पुढे जॅग्वार झाली. १९४८ मध्ये जॅग्वारचं एक्सके इंजिन जगासमोर आलं, ३.४ लिटर आणि १६० अश्वशक्तीचं. त्याच्या हेडमागेही वेस्लेकची मोजणी होती. फ्रान्समधली चोवीस तासांची ल माँ शर्यत या इंजिनाच्या गाड्यांनी १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा जिंकली. १९६७ मध्ये डॅन गर्नी या अमेरिकन चालकाने बेल्जियमची ग्रां प्री स्वतःच्या गाडीतून जिंकली, तिचं बारा सिलिंडरचं इंजिनही वेस्लेकच्या कारखान्यातलं. १९७८ मध्ये वेस्लेक वारला. त्याच दशकात अमेरिकेत अशा मोजणीचं तयार यंत्र बाजारात मिळू लागलं होतं. त्याला फ्लो बेंच म्हणतात.

पांढऱ्या ॲम्बेसेडरचं बदाम

आता इंग्लंडमधून आपल्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. तेव्हापासून मराठवाड्यात मोटारीचं काम करणारे हात घडत गेले. पुढे विहिरींवर ऑइल इंजिनं आली, एसटी आली, ट्रक आले. आणि आली ॲम्बेसेडर.

हिंदुस्थान मोटर्सने १९५८ च्या सुमारास कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बेसेडर बनवायला घेतली, तेव्हा तिचं इंजिन जुन्या पद्धतीचं, साइड व्हॉल्व्हचं होतं. १९५९ मध्ये त्याजागी १,४८९ सीसीचं, वर व्हॉल्व्ह असलेलं ब्रिटिश बी-सिरीज इंजिन आलं. त्याच घराण्याचं मोठं इंजिन एमजी कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांना होतं. या इंजिनाचं हेड उलटं करून पाहिलं, की प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची खोलगट जागा दिसते. दोन व्हॉल्व्हच्या मधे बदामाचं टोक आत आलेलं असतं. ही बदामाची रचना वेस्लेकची.

म्हणजे कलेक्टर कचेरीबाहेर उभी असलेली पांढरी ॲम्बेसेडर, गुरुद्वाऱ्याला आलेल्या यात्रेकरूंना स्टेशनवरून नेणारी टॅक्सी, आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांची देगलूर फेऱ्या मारणारी गाडी, या सगळ्यांच्या बॉनेटखाली एक्झिटरच्या त्या माणसाने मोजलेली हवा वाहत होती. वेस्लेक कधी नांदेडला आला नाही. त्याचं ज्ञान आलं, कारण ते आकडे आणि ड्रॉइंग होऊन आलं होतं. ड्रॉइंगवरून साचा होतो, साच्यातून ओतीव हेड निघतं आणि ते हेड ओतणाऱ्याला हवेतलं काहीही ठाऊक असण्याची गरज राहत नाही.

उस्ताद

वजिराबादेत एक मिस्तरी होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणेन. आठवीपासून सुट्टीत मी त्यांच्याकडे पाने धुवायला आणि हेड घासायला जायचो. आपल्यापैकी काही जणांनी मला काळ्या हातांनी शाळेत आलेलं पाहिलं आहे.

उस्ताद ॲम्बेसेडरची हेडं 'खोलून' द्यायचे. हा शब्द त्यांचाच. त्यांनी केलेली गाडी बालाघाटच्या चढाला दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यावर चढते आणि पेट्रोलही कमी पिते, असं टॅक्सीवाले सांगत. त्यासाठी लोक परभणी, हिंगोलीहून येत. त्यांची हत्यारं म्हणजे गोल कानस, ग्राइंडिंगचे दगड, वाळू कागद आणि उजव्या हाताची करंगळी. करंगळी पोर्टमध्ये घालून डोळे मिटायचे. मग व्हॉल्व्ह थोडा उचलून एका बाजूला उदबत्ती धरायची आणि दुसऱ्या बाजूने टेबल फॅनला जोडलेल्या पत्र्याच्या नळीने ओढ द्यायची. धूर कुठून आत शिरतो आणि कुठे गिरकी घेतो, ते बघत बसायचे. ते म्हणायचे, "हवेला पळायला शिकवू नको, ती पळतेच. तिला वळायला जागा दे."

बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी हवेची दोनच तोंडं असतात, दोन-दोन सिलिंडर एका तोंडावर जगतात. शिवाय धूर बाहेर टाकणारी तीन तोंडंही त्याच बाजूला. एवढ्या दाटीवाटीत वळणं अवघड होतात आणि पोर्टपलीकडे पाण्याची पोकळी असते. दोन मिलिमीटर जास्त कापलं की भिंत फुटून हेड भंगारात. उस्तादांची भिंत फुटलेली मी पाहिली नाही.

त्यांच्या हाताखाली पाच-सहा पोरं तयार झाली. पण ती शिकली ती चकाकी. उस्तादांनी केलेला पोर्ट आतून आरशासारखा नव्हता, तरी पोरांना पॉलिश दिसायची, म्हणून त्यांनी पॉलिश उचलली. वळणाच्या आतल्या कडेचा गोलवा आणि व्हॉल्व्हच्या मागची वाटी बाहेरून दिसत नाही, ती उचलली गेली नाही. उस्तादांनी कधी कागदावर काही काढलं नाही, कारण त्यांना ते सांगता येईल असं माप नव्हतं. करंगळीला जे कळत होतं त्याला आकडा नव्हता. १९९८ मध्ये ते गेले. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. ते गॅरेज बंद झालं आणि त्यांची विद्याही तिथेच थांबली.

मी तेव्हा पुण्यात होतो.

पुण्यात मोजायला शिकलो

पुण्यात इंजिनांचं काम जुनं आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. वाहन उद्योगाची संशोधन संस्था, जिला सगळे एआरएआय म्हणतात, १९६६ ची. ती वेताळ टेकडीवर आहे. आकुर्डीला बजाज. मी ज्या कंपनीत होतो तिथे बहुतेक काम डिझेलचं होतं.

डिझेलमध्ये नुसती हवा भरून भागत नाही. ती सिलिंडरमध्ये पाण्यातल्या भोवऱ्यासारखी फिरायला लागते, तरच फवारलेलं डिझेल तिच्यात नीट मिसळतं. नाहीतर काळा धूर. म्हणून आमच्या बेंचवर दोन मोजण्या असत. एक, किती हवा गेली. दुसरी, ती किती फिरली. दुसरीसाठी हेडखालच्या नळकांड्यात एक हलकं पंखाचं चक्र बसवलेलं असे. भोवरा जितका जोरात, तितक्या चक्राच्या फेऱ्या जास्त. पोर्टला पीळ दिला की भोवरा वाढतो आणि हवा कमी होते. हवा वाढवली की भोवरा सुटतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत, कुठेतरी तडजोड करावी लागते. ती तडजोड कुठे करायची, ते आकड्यांशिवाय ठरवता येत नाही.

भारतात गाड्यांच्या धुराच्या वस्तुमानावर मर्यादा आल्या त्या पेट्रोलसाठी १९९१ मध्ये आणि डिझेलसाठी १९९२ मध्ये. पुढे २००० पासून टप्प्याटप्प्याने नियम कडक झाले आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा आलं. त्या काळात फ्लो बेंच ही रेसवाल्यांची चैन राहिली नाही. हेड ओतताना साच्यातली वाळूची कोअर मिलिमीटरभर सरकली तरी भोवरा बदलतो आणि गाडी धुराच्या चाचणीत नापास होऊ शकते. म्हणून ओतीव हेडं लॉटमधून उचलून बेंचवर लावायची, आकडा वहीत लिहायचा, तारीख घालायची. मी अशा किती वह्या भरल्या त्याला हिशोब नाही. तिथे मला पहिल्यांदा कळलं की उस्तादांकडे काय नव्हतं. हात होता, नजर होती. वही नव्हती.

लातूरचा बेंच

२००६ ला आई-वडिलांसाठी परत आलो. नांदेडऐवजी लातूर, कारण सासुरवाडीची जागा होती. तयार फ्लो बेंच आयात करण्याची ऐपत नव्हती, म्हणून स्वतः बनवला. त्याचं वर्णन जरा सविस्तर करतो, कारण त्यातलं निम्मं सामान आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं आहे.

प्लायवूडची एक बंद पेटी. तिच्या वरच्या तोंडावर इंजिनाच्या सिलिंडरएवढ्याच व्यासाचं नळकांडं आणि त्यावर हेड. ॲम्बेसेडरसाठी ७३ मिलिमीटरचं, मोटारसायकलींसाठी वेगवेगळी. पेटीच्या दुसऱ्या टोकाला घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी, त्या हवा ओढतात. मधे एक आडवी फळी आणि फळीत तीक्ष्ण कडेचं, नेमक्या मापाचं भोक पाडलेली पत्र्याची तबकडी. हेडमधून आलेली सगळी हवा त्या भोकातून जाते. भोकाच्या अलीकडे-पलीकडे दाबात जो फरक पडतो, त्यावरून हवा किती गेली ते निघतं.

दाब मोजायला यू नळी. विज्ञानाच्या सरांनी नववीत रंगीत पाणी भरून टेबलावर उभी केली होती तीच. मी काचेऐवजी गवंड्यांची लेव्हल पाइप वापरली. पारदर्शक असते, स्वस्त असते आणि लातूरमध्ये कुठेही मिळते. हेडखालचा दाब मी २५ सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवतो. एवढ्या ओढीला हवेचा वेग सेकंदाला सुमारे ६५ मीटर होतो. परदेशात २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर पाण्यावर मोजण्याची रीत आहे. आकडे जुळवायचे तर दाबाच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घ्यायचं, कारण हवेचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केला तर हवा १.४१ पट होते, दुप्पट होत नाही. बर्नुलीचं हे तत्त्व १७३८ चं आहे आणि आपल्याला ते पाच मार्कांना यायचं.

लातूरमध्ये खरी अडचण विजेची. भारनियमनाच्या दिवसांत व्होल्टेज असं खालीवर व्हायचं की सकाळचा आकडा दुपारी जुळायचा नाही. म्हणून मोटारींना डिमरस्टॅट लावला आणि प्रत्येक वाचनाआधी यू नळीतलं पाणी बरोबर २५ वर आणून मगच लिहायचं, अशी शिस्त घातली. दिवसाच्या सुरुवातीला हेडच्या जागी सपाट झाकण ठेवून गळती बघायची. मग माहीत असलेल्या मापाचं भोक ठेवून बेंच खरं बोलतो का ते तपासायचं. त्यानंतर हेड. पोर्टच्या तोंडाला मातीचा गोल काठ करायचा, नाहीतर हवा तोंडाशीच अडखळते आणि दोष विनाकारण हेडवर येतो. व्हॉल्व्हवर डायल गेज लावून एक-एक मिलिमीटरने उघडायचा आणि प्रत्येक पायरीला आकडा घ्यायचा.

किती उघडायचा याचंही गणित आहे. व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या कडेने जी फट होते तिचं क्षेत्रफळ परीघ गुणिले उंची. ही फट व्हॉल्व्हच्या वर्तुळाएवढी केव्हा होईल? उंची व्यासाच्या एक चतुर्थांश झाली की. त्याच्या खालच्या पायऱ्यांना सीटची कापणी महत्त्वाची, ४५ अंशांच्या मुख्य पट्टीच्या वर-खाली ३० आणि ६० अंशांचे काप. त्याच्या वर पोर्टचा आकार बोलायला लागतो. कुठल्या पायरीला आकडा अडला ते पाहिलं, की कानस कुठे चालवायची ते कळतं.

उस्तादांचं हेड

बेंच चालू झाल्यावर काही वर्षांनी उदगीरहून एक गृहस्थ जुनी ॲम्बेसेडर घेऊन आले. व्हॉल्व्ह जळाला होता. हेड काढून उलटं केलं आणि पोर्टमध्ये बोट घातलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आतल्या कडेचा तो गोलवा मी अर्ध्या झोपेतही ओळखला असता. गाडीमालकाला विचारलं. त्यांच्या वडिलांनी ते हेड नव्वदच्या आसपास नांदेडला 'खोलून' आणलं होतं.

मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. भंगारवाल्याकडून त्याच इंजिनाचं हात न लावलेलं हेड आणलं. दोन्हींना सारखे व्हॉल्व्ह, सारखी सीट. मग एकामागून एक बेंचवर. एका मिलिमीटरपासून शेवटच्या पायरीपर्यंत, प्रत्येक ठिकाणी उस्तादांचं हेड पुढे होतं. सुरुवातीच्या पायऱ्यांनाही पुढे, हे विशेष. आडदांड काम केलेली हेडं शेवटी थोडी जास्त देतात आणि सुरुवातीला मार खातात, अशा गाड्या वर पळतात आणि गावात मरतात. मग मी पोर्टचा व्यास मोजला. सर्वांत अरुंद जागी उस्तादांनी मूळ मापाला जवळजवळ हात लावलेला नव्हता. सगळं काम वळणाच्या आतल्या कडेला आणि व्हॉल्व्हमागच्या वाटीत होतं. वेस्लेक ज्या निष्कर्षावर बेंचने पोचला होता, तिथे उस्ताद करंगळीने आणि उदबत्तीने पोचले होते. तेसुद्धा वेस्लेकच्याच हेडवर.

रात्री शटर ओढून मी ते आकडे पुन्हा एकदा घेतले. खात्री होती, तरी घेतले. टॅक्सीवाले जे चहाच्या टपरीवर सांगायचे आणि शिकलेली माणसं ज्याला हसायची, ते खरं होतं. आता ते कागदावर होतं. पोर्टमध्ये सिलिकॉन ओतून त्याचा ठसा काढला, ठशाचे आडवे काप करून ग्राफ पेपरवर उतरवले आणि प्रत्येक कापाला माप घातलं. उस्तादांचं पहिलं आणि एकमेव ड्रॉइंग त्यांच्या माघारी असं तयार झालं. त्यावर मी त्यांचं नाव लिहिलं आहे.

आजची पोरं

आता माझ्याकडे येणारी पोरं पल्सरची हेडं घेऊन येतात. २००१ मध्ये पल्सर आली आणि मराठवाड्यातल्या तरुणांना पहिल्यांदा परवडणारी जोराची चार स्ट्रोक गाडी मिळाली. त्यांना 'फुल पोर्टिंग' हवं असतं. व्हिडिओ पाहून कुणीतरी आधीच पोर्ट मोठा केलेला असतो, आरशासारखा चकचकीत. मी काही न बोलता ते हेड बेंचवर लावतो आणि पाणी त्यालाच बघायला लावतो. बऱ्याचदा त्याचे हजारो रुपये मूळ हेडपेक्षा कमी हवा देताना दिसतात. पोरगा माझ्याशी वाद घालतो, पाण्याशी घालत नाही. त्यांना हेही सांगतो की रस्त्यावरच्या गाडीत नोंदणीपेक्षा वेगळे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हे काम ट्रॅकसाठी.

ट्रॅकसाठीही पोरं येतात. २०११ पासून देशात 'सुप्रा' नावाची इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची रेसगाडी स्पर्धा होते. तिथे नियम असा की पेट्रोल इंजिनाने सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यायची. हवेचा वेग त्या भोकात आवाजाच्या वेगाला टेकला, की पुढे कितीही ओढा, सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमच्या वर हवा जात नाही. म्हणजे श्वास सगळ्यांचा सारखाच बांधलेला, जो तो कमी वाया घालवेल तो जिंकेल. मराठवाड्यातल्या एका कॉलेजची मुलं माझ्या बेंचवर रात्र-रात्र बसली होती. त्यात औसा तालुक्यातली एक मुलगी होती. वाचनं ती घ्यायची, कारण बाकीचे पाणी स्थिर व्हायच्या आधीच आकडा सांगून मोकळे व्हायचे. तिला मी उस्तादांचं ड्रॉइंग दाखवलं. तिने अर्धा तास पाहिलं आणि विचारलं, "सर, यांनी हे कुठे शिकलं?" मी म्हटलं, "नांदेडला."

मित्रहो, आपल्या भागात असे हात अनेक झाले. विहिरीचं इंजिन आवाजावरून ओळखणारे, चाकाचा डुगडुगणारा बेअरिंग हाताच्या स्पर्शावर सांगणारे. त्यांच्या पोरांनी धंदा बदलला आणि ती विद्या संपली. त्यांना कमी लेखणाऱ्यांचा दोष आहेच. पण त्यांच्या शेजारी बसून मोजणारं, लिहिणारं कुणी नव्हतं, हेही खरं. ते काम शिकलेल्यांचं होतं.

म्हणून एक विनंती. मी तसाच दुसरा, लहान बेंच बनवला आहे. दोन यू नळ्या, एक तबकडी, एक मोटार आणि एक जुनं मोटारसायकलचं हेड. मेळाव्याच्या दिवशी तो शाळेच्या प्रयोगशाळेला देण्याची मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. सोबत उस्तादांच्या ड्रॉइंगची प्रत आणि दोनशे पानांची कोरी वही असेल. आपल्यापैकी जे नांदेडमध्ये आहेत त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा, एखाद्या मिस्तरीला शाळेत बोलवावं आणि तो जे करतो ते मुलांकडून मोजून घ्यावं. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि मिस्तरीचं पूर्ण नाव लिहायचं, एवढा एकच नियम मी घातला आहे.